रोप्पोंगी हिल्सला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोकियोच्या मिनातो प्रभागातलं रोप्पोंगी हिल्स म्हणजे एक मॉल आणि त्यावर उभा टॉवर, अशा समजुतीने लोक येतात आणि पहिल्या दहा मिनिटांतच चुकतात. मुळात ही उतारावर वसवलेली एक अख्खी वस्ती आहे. खालचे बरेचसे प्रश्न त्या उतारापाशीच येऊन थांबतात.

रोप्पोंगी हिल्समध्ये नेमकं काय काय आहे?

सुमारे साडेअकरा हेक्टर जागेवर ५४ मजली, २३८ मीटर उंच मोरी टॉवर, ग्रँड हयात हॉटेल, आसाही टीव्हीचं मुख्यालय, तोहो सिनेमाज, उघडा रंगमंच, मोरी बाग, केयाकिझाका नावाचा झाडांचा रस्ता आणि आठशेहून अधिक घरं असलेल्या निवासी इमारती आहेत. टॉवरचे बहुतेक मजले कार्यालयांचे. पाहुण्यांच्या कामाचे मजले म्हणजे तळाची दुकानं आणि उपाहारगृहं, आणि थेट वरचे ५२ व ५३. मधल्या मजल्यांवर जायला ओळखपत्र लागतं. तिथे बघण्यासारखंही काही नाही.

कोणत्या स्टेशनवर उतरायचं?

भुयारी मेट्रोच्या हिबिया मार्गाचं रोप्पोंगी स्टेशन, बाहेर पडण्याचं दार १सी. हे दार भुयारी वाटेने थेट संकुलाला जोडलेलं आहे, त्यामुळे पावसातही छत्री उघडावी लागत नाही. वाटेच्या शेवटी लांबलचक सरकता जिना आहे. त्यावरून मेट्रो हॅट नावाच्या गोल काचेच्या इमारतीतून तुम्ही वरच्या चौकात येता.

ओएदो मार्गाचंही रोप्पोंगी स्टेशन आहे, पण तो वेगळाच अनुभव. तिथला खालचा फलाट जमिनीखाली ४२.३ मीटरवर आहे, जपानमधल्या मेट्रो स्थानकांत सर्वांत खोल. एकामागून एक सरकते जिने चढत वर यायलाच पाच-सात मिनिटं जातात, मग दार ३ मधून बाहेर पडून आणखी चार-पाच मिनिटं चाल. नकाशावर 'अमुक मिनिटांत रोप्पोंगी' असं दिसलं की त्यात ही चढण धरलेली आहे का ते बघा. ठरलेल्या वेळेचं तिकीट हातात असेल तर हा फरक महागात पडतो.

वेगवेगळ्या भागांतून कसं यायचं?

हानेदा विमानतळावरून: केइक्यू मार्गाची आसाकुसा मार्गावर जाणारी गाडी धरून दाइमोन, तिथून ओएदो मार्गाने तिसरं स्टेशन रोप्पोंगी.

नारिता विमानतळावरून: स्कायलायनर या जलद गाडीने उएनो, आणि तिथून हिबिया मार्गाने गाडी न बदलता रोप्पोंगी. स्कायलायनरचं स्टेशन केइसेई उएनो आणि हिबिया मार्गाचं उएनो यांच्यात थोडं चालावं लागतं. सामान जड असेल तर आधी हॉटेल गाठा.

शिंजुकूहून: ओएदो मार्गाने चौथं स्टेशन.

निशी-कासाईहून (इथले मराठी वाचक बरेचसे तिथेच राहतात): तोझाई मार्गाने कायाबाचो, तिथे हिबिया मार्ग धरून नववं स्टेशन. दोन्ही मार्ग टोकियो मेट्रोचे असल्याने मध्ये तिकीट बदलत नाही.

शिबुयाहून: एबिसूपर्यंत जेआर (जपान रेल्वे), पुढे हिबियाने दुसरं स्टेशन. किंवा आरएच०१ क्रमांकाची तोएई (महानगर सरकारची) बस, जी थेट संकुलात सोडते. बसमध्ये पुढच्या दाराने चढायचं आणि चढतानाच पैसे द्यायचे. कुठेही उतरा, भाडं एकच.

जेआर पास चालेल का?

नाही. रोप्पोंगीला जेआरचं स्टेशनच नाही. हिबिया मार्ग टोकियो मेट्रोचा, ओएदो मार्ग तोएईचा, आणि हे दोघेही जेआर पास मानत नाहीत. लोक आणखी एका ठिकाणी फसतात: फक्त मेट्रोचा २४ तासांचा पास ओएदोच्या फाटकावर चालत नाही. दोन्हीकडे चालणारा पर्यटकांसाठीचा 'टोकियो सबवे तिकीट' हा वेगळा पास आहे, तो २४, ४८ आणि ७२ तासांचा मिळतो. दिवसभरात तीन-चार फेऱ्यांहून कमी प्रवास असेल तर पासच्या फंदात पडू नका. सुइका किंवा पास्मो हे आधी पैसे भरून वापरायचं कार्ड पुरेसं आहे.

आत शिरल्यावर सगळे चुकतात का?

बहुतेक सगळे, आणि त्याला कारण आहे. जमीन उतरती असल्यामुळे 'तळमजला' एकच नाही. मेट्रो हॅटमधून तुम्ही ज्या मोकळ्या चौकात येता, तो ६६ चौक, संकुलाच्या हिशेबाने दुसरा मजला आहे. पायाखाली फरशी, डोक्यावर आकाश, आणि पाटीवर मात्र '२'. बाग आणि केयाकिझाका रस्ता आहेत पहिल्या मजल्यावर, म्हणजे त्याच्या खाली. हिल साइड हा भाग आणखी खाली, तळघराच्या पातळीपर्यंत उतरतो, आणि तरीही तिथून उघड्यावर बाहेर पडता येतं.

म्हणून कुणाला भेटायचं ठरवताना 'खाली भेटू' असं म्हणू नका. 'मोठ्या कोळ्यापाशी' म्हणा, म्हणजे ६६ चौकातल्या त्या प्रचंड शिल्पापाशी. वाट चुकलात तर आधी मजल्याचा आकडा शोधा, मग दुकानाचं नाव. नकाशाच्या अ‍ॅपवर विसंबू नका, कारण एकावर एक असलेल्या तीन वाटा त्यात एकाच ठिपक्यावर दिसतात. माहिती केंद्रावर कागदी नकाशा मिळतो, त्यात मजल्यानुसार रंग वेगळे आहेत. तो घ्याच.

६६ हा आकडा आला पत्त्यावरून. ही जागा रोप्पोंगीच्या सहाव्या चोमेत, म्हणजे सहाव्या उपविभागात आहे, आणि 'रोप्पोंगी'तला 'रोकु' म्हणजेही सहाच: नावाचा अर्थ 'सहा झाडं'.

तो मोठा कोळी कशासाठी?

ते लुईझ बूर्ज्वा या शिल्पकार बाईंचं 'मामाँ' हे शिल्प आहे. उंची सुमारे १० मीटर. नावाचा अर्थ 'आई'. त्यांची आई जुने विणलेले पडदे दुरुस्त करायची. विणणारी, सांभाळणारी, म्हणून कोळीण. शिल्पाच्या खाली उभं राहून वर बघा, पोटाखालच्या जाळीत संगमरवराची अंडी दिसतील. याच शिल्पाच्या प्रती बिल्बाओ आणि ओटावा इथेही आहेत. बघायला पैसे नाहीत, वेळेचं बंधन नाही. सकाळी नऊच्या आधी गर्दी नसते, तेव्हा फोटोत फक्त कार्यालयात जाणारी माणसं येतात.

वर जायचं तिकीट कोणतं घ्यायचं? तिथे तीन-चार नावं दिसतात.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एकाच लिफ्टने जाण्याच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत:

टोकियो सिटी व्ह्यू: ५२ वा मजला, काचेआडून शहर बघण्याची जागा, समुद्रसपाटीपासून २५० मीटर.

मोरी कला संग्रहालय: ५३ वा मजला, समकालीन कला.

मोरी आर्ट्स सेंटर गॅलरी: हीसुद्धा ५२ व्या मजल्यावर, पण इथे ठरावीक काळापुरती मोठी प्रदर्शनं लागतात, अनेकदा मंगा-अ‍ॅनिमेची.

तिन्हींची तिकिटं सर्वसाधारणपणे वेगळी. एकावर दुसरं फुकट, असं पूर्वीच्या प्रवासवर्णनांत वाचलं असेल तर ते विसरा आणि घेताना तिकिटावर नेमकं नाव वाचा. दर प्रदर्शनानुसार आणि वारानुसार बदलतात. शनिवार-रविवारी जास्त, आणि ऑनलाइन घेतलं तर खिडकीपेक्षा थोडं कमी. प्रवेश वेळेच्या खणांनुसार असतो.

वर जाण्याचं दार टॉवरच्या मुख्य दारातून नाही. ६६ चौकातल्या म्युझियम कोन नावाच्या शंकूच्या आकाराच्या काचेच्या इमारतीतून शिरायचं, तिसऱ्या मजल्यावर तिकीट दाखवायचं आणि तिथल्या लिफ्टने ५२ गाठायचं.

संग्रहालय कधी उघडं असतं?

रोज सकाळी १० ते रात्री १०, मंगळवारी मात्र फक्त संध्याकाळी ५ पर्यंत. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या अर्धा तास आधी. जपानमधली बहुतेक संग्रहालयं पाचला दारं लावतात, त्यामुळे संध्याकाळ रिकामी असेल तर हे फार सोयीचं. पण एक गोष्ट आधी तपासा: इथे कायमस्वरूपी दालन नाही. दोन प्रदर्शनांच्या मधल्या आठवड्यांत संग्रहालय बंदच असतं.

सिटी व्ह्यूला कोणत्या वेळी जावं?

सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी वर पोचाल असं तिकीट घ्या, म्हणजे उजेड, संध्याकाळ आणि दिवे तिन्ही एकाच तिकिटात मिळतात. टोकियोत सूर्य लवकर मावळतो, हे भारतातून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास, जूनमध्ये सातला. डिसेंबरात 'सहाला जाऊ, मावळतीला' म्हणून निघालात तर वर काळोखच भेटेल.

फुजी बघायचा असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ, दार उघडताच. उन्हाळ्यात हवेत बाष्प इतकं असतं की शंभर किलोमीटरवरचा डोंगर दिसणं हा नशिबाचा भाग. टोकियो टॉवर (३३३ मीटर, १९५८) मात्र इथून अगदी जवळ दिसतो आणि रात्री तोच खरा मानकरी असतो.

काचेत आपलंच प्रतिबिंब येतं म्हणून फोटो बिघडतात. गडद कपडे घाला, भिंग काचेला चिकटवा आणि बाजूने जॅकेट धरा. तिपाई लावू देत नाहीत.

गच्चीवरचा स्काय डेक?

उघड्यावरचा, समुद्रसपाटीपासून २७० मीटर. त्याच्या भरवशावर बेत आखू नका. वारा, पाऊस, विजांची शक्यता, कशानेही तो बंद राहू शकतो. त्याच दिवशी संकेतस्थळावर बघा, उघडा असेल तर बोनस समजा.

इतके पैसे खर्च करावेत का?

फक्त उंचावरून शहर बघायचं असेल तर गरज नाही. शिंजुकूतल्या टोकियो महानगर सरकारच्या इमारतीतलं ४५ व्या मजल्यावरचं, २०२ मीटरवरचं निरीक्षण दालन फुकट आहे, आणि रोप्पोंगीहून ओएदो मार्गाने तोचोमाए स्टेशनला थेट जाता येतं. रोप्पोंगीच्या तिकिटाचं खरं मोल टोकियो टॉवर जवळून दिसण्यात आणि संग्रहालयात आहे. दोन्हींत रस नसेल तर खालीच फिरा. दोन तास मजेत जातात.

खाली फुकट काय बघता येतं?

मोरी बाग. टॉवर बांधणारी मोरी कंपनी आणि या बागेतला 'मोरी' यांचा संबंध नाही, उच्चाराचा योगायोग आहे. हे मोरी म्हणजे इथे वाडा असलेलं जुनं सरदार घराणं. अको संस्थानच्या ४७ निर्नायक सामुराईंपैकी दहा जणांना १७०३ मध्ये याच वाड्यात ठेवलं होतं आणि इथेच त्यांना सेप्पुकू (पोट चिरून आत्महत्या) करावं लागलं. पुढे या जागेवर निक्का व्हिस्कीचा कारखाना होता, तेव्हा तळ्याला लोक निक्का तळं म्हणत. आजचं तळं त्या जुन्या तळ्यावर बांधलंय. जुनं खाली पुरून जपून ठेवलेलं आहे. पाण्यात दिसणारे बोटाएवढे मेदाका मासे १९९४ साली अंतराळयानातून जाऊन आलेल्या माशांचे वंशज. त्यांना खाऊ घालू नका.

आसाही टीव्हीच्या काचेच्या दालनातही प्रवेश फुकट. दोरेमॉन याच वाहिनीवर लागतो, त्यामुळे लहान मुलं असतील तर इथे थांबावंच लागतं. पलीकडे साकुराझाका बाग आहे, तिथे रंगीत यंत्रमानवांचा खांब आणि पुष्कळ घसरगुंड्या आहेत. पर्यटक तिथवर पोचत नाहीत, आसपासची मुलं पोचतात.

केयाकिझाका इमारतीच्या गच्चीवर भाताचं खाचर आहे. तिथे सहसा जाऊ देत नाहीत, पण सिटी व्ह्यूवरून खाली बघितलं तर दिसतं. ती निव्वळ हौस नव्हे: माती-झाडांचा तो सगळा भार भूकंपात इमारतीची हालचाल शोषून घेण्यासाठी वापरलेला आहे.

दिव्यांची रोषणाई कधी?

केयाकिझाका रस्त्यावर नोव्हेंबरपासून २५ डिसेंबरपर्यंत. नाताळ संपला की दुसऱ्या दिवसापासून दिवे नाहीत. ३१ डिसेंबरच्या आशेने येणारे दरवर्षी हिरमुसतात. रस्ता आणि पलीकडे टोकियो टॉवर असा फोटो रस्त्यावरच्या पुलावरून मिळतो. गर्दीच्या दिवशी रखवालदार तिथे थांबू देत नाहीत, म्हणून कॅमेरा आधीच तयार ठेवा, चालता चालता टिपा. नाताळच्या आदल्या शनिवार-रविवारी तर जाऊच नका. मंगळवार-बुधवार बरा.

शाकाहारी माणसाने काय खावं?

उपाहारगृहं भरपूर, शाकाहार दुर्मीळ. मुख्य अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. दाशी म्हणजे सुकवलेल्या कात्सुओ माशाचा अर्क. मिसो सूप, उदोन-सोबाचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, वांग्याचा पदार्थ, सगळ्यात तो असतो आणि जेवण वाढणाऱ्याला ते 'मासे' वाटत नाही. म्हणून नुसतं 'शाकाहारी' म्हणून भागत नाही. असं म्हणा: "निकु मो साकाना मो ताबेमासेन. दाशी मो दामे देसु." मांस आणि मासे खात नाही, दाशीही चालत नाही. फोनवर जपानीत लिहून दाखवलं तर आणखी चांगलं. अंडं चालत नसेल तर 'तामागो'ही जोडा.

मेनूतल्या अ‍ॅलर्जीच्या तक्त्यावर विसंबू नका. त्यात अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा असे घटक येतात. कात्सुओ त्या यादीतच नाही. तक्ता कोरा दिसला म्हणजे मासा नाही, असा अर्थ होत नाही.

व्यवहारी उपाय: इटालियन ठिकाणी टोमॅटोचा पास्ता किंवा मार्गेरिटा पिझ्झा, बेकरीतला साधा पाव (चरबीबद्दल विचारून), फळं. जैन जेवण इथे मिळेल असं धरून चालू नका, डबा सोबत ठेवा. चौकातल्या बाकावर बसून डबा खाल्लेला चालतो, उपाहारगृहात बाहेरचं चालत नाही. टीप देण्याची पद्धत नाही. टेबलावर पैसे ठेवलेत तर परत द्यायला मागे धावत येतील. तेच पदार्थ बांधून घेतले तर कर ८ टक्के, बसून खाल्ले तर १०.

दुपारी १२ ते १ या वेळात टॉवरमधली सगळी कार्यालयं जेवायला उतरतात. साडेअकराला किंवा सव्वाला बसा.

करमुक्त खरेदी मिळते का?

पर्यटकांना, मूळ पासपोर्ट दाखवून. फोनमधला फोटो चालत नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते: दुकानात करासह पूर्ण पैसे भरायचे, देश सोडताना विमानतळावर सीमाशुल्क खात्याकडून वस्तूंची खात्री झाली की कर परत. वस्तू खरेदीपासून ९० दिवसांच्या आत देशाबाहेर न्यावी लागते. खात्री विमानतळावर होत असल्याने त्या वस्तू चेक-इन बॅगेत टाकण्याआधी ही पायरी उरकायची. जपानमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्यांना ही सवलत नाही. पाहुण्या आईवडिलांच्या पासपोर्टावर स्वतःसाठी खरेदी करणं नियमात बसत नाही.

'हिल्स' नावाच्या इतक्या जागा आहेत, टीमलॅब कुठलं?

टीमलॅब बॉर्डरलेस हे डिजिटल कलेचं संग्रहालय आझाबुदाई हिल्समध्ये आहे, रोप्पोंगीत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते तिथे उघडलं. हिबिया मार्गाने पुढचंच स्टेशन, कामियाचो, दार ५. याशिवाय तोरानोमोन हिल्स, ओमोतेसांदो हिल्स, आर्क हिल्स आहेतच, सगळे एकाच मोरी कंपनीचे. टॅक्सीत बसून नुसतं 'हिल्स' म्हणालात तर चालक उलट प्रश्न विचारेल. न विचारता निघाला तर तुम्ही विचारा.

लहान मुलं, बाबागाडी, चाकाची खुर्ची?

लिफ्ट सगळीकडे आहेत, पण एकच लिफ्ट सगळ्या पातळ्यांना जात नाही; दोनदा बदलायची तयारी ठेवा. स्वच्छतागृहं फुकट आणि स्वच्छ, रुंद दाराची खोलीही असते. मार्च २००४ मध्ये मोरी टॉवरच्या स्वयंचलित फिरत्या दारात अडकून सहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्यानंतर ती दारं काढली गेली आणि जपानभर अशा दारांचे नियम कडक झाले. तरी दारांपाशी आणि लांब सरकत्या जिन्यावर मुलाचा हात सोडू नका.

सामान कुठे ठेवायचं?

नाण्यांची लॉकर आहेत, पण मोठ्या बॅगेच्या मापाची थोडी आणि दुपारपर्यंत भरलेली. मोठं सामान हॉटेलात ठेवूनच या. कचरापेट्या जवळपास नाहीतच, एक रिकामी पिशवी खिशात असू द्या. रस्त्यावर सिगारेट ओढायला मिनातो प्रभागात मनाई आहे.

सिनेमा बघता येईल का?

इंग्रजी सिनेमा बघायचा तर तिकिटावर 'जिमाकु' शोधा, म्हणजे मूळ आवाज आणि जपानी अक्षरं. 'फुकिकाए' म्हणजे जपानी आवाज चढवलेला. जपानी सिनेमांना इंग्रजी अक्षरं सहसा नसतात.

भूकंप झाला तर?

बाहेर धावू नका. लिफ्ट धक्का ओळखून जवळच्या मजल्यावर थांबते आणि दार उघडते. उतरा आणि कर्मचारी सांगतील तिथे थांबा. उंच मजल्यावर हेलकावे जमिनीपेक्षा जास्त वेळ जाणवतात, मळमळतं, पण तसं हलणं हाच त्या बांधणीचा भाग आहे. हे संकुल 'पळून जायचं नव्हे, आसरा घ्यायचं ठिकाण' अशा विचाराने बांधलंय. स्वतःचं गॅसवरचं वीजकेंद्र आहे, आणि अडकलेल्यांसाठी सुमारे एक लाख जेवणांचा साठा. मार्च २०११ च्या भूकंपानंतर शहरात विजेची टंचाई असताना इथून उलट वीज कंपनीलाच वीज पुरवली गेली.

हे सगळं उभं कसं राहिलं?

'पुनर्विकास' या शब्दाने कान टवकारणाऱ्यांसाठी: इथे अरुंद गल्ल्यांची जुनी घरं होती, अग्निशमन गाडी शिरत नसे. १९८६ मध्ये पुनर्विकासाची प्रक्रिया सुरू झाली, सुमारे ४०० जागामालकांशी बोलणी झाली, आणि उद्घाटन झालं २५ एप्रिल २००३ रोजी. सतरा वर्षं. जागा देणाऱ्यांना नव्या इमारतींत त्या किमतीचा हिस्सा मिळाला, त्यामुळे काही मूळ रहिवासी आजही तिथेच राहतात.

रात्री हा भाग सुरक्षित आहे का?

संकुलाच्या आत, हो. पाच मिनिटांवरच्या रोप्पोंगी चौकात मात्र ग्राहक ओढणारे दलाल उभे असतात. इंग्रजीत, क्वचित हिंदीतही हाक मारतात, 'फक्त हजार येन' म्हणतात, आणि आत गेल्यावर बिल किंवा कार्डावरची रक्कम भलतीच निघते. पेयात काही मिसळल्याचे प्रकारही झालेले आहेत. उत्तर न देता चालत राहा. थांबून नम्रपणे नकार देत बसलात तर ते सोबत चालू लागतात.

शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास, मग पहाटे पाचपर्यंत काही नाही. टॅक्सीला रात्री १० ते पहाटे ५ वीस टक्के जास्त पडतात. मागचं डावं दार चालकच उघडतो आणि लावतो, त्याला हात लावू नका.